आधी अहवाल लिहायला शिकवा

संपादक महोदय,
स. न.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या संवादकौशल्यावरचा कालच्या अंकातील लेख वाचला. विषय घेतलात हे चांगलेच केले. पण उपाय म्हणून शेवटच्या वर्षात दोन दिवसांची कार्यशाळा आणि तीत देहबोली, पोशाख, नजरेला नजर देणे, हे वाचून राहवले नाही.

नव्याने रुजू झालेल्या अभियंत्यांचे अहवाल माझ्याकडे तपासायला येतात. मागे एका पंपाच्या तपासणीचा अहवाल आला. पहिली सहा पाने सेंट्रिफ्युगल पंप कसा चालतो यावर, सरळ पाठ्यपुस्तकातून उतरवलेली. मग उपकरणांची माहिती, मग फोटो. चौदाव्या पानावर, परिच्छेदाच्या मधोमध एक वाक्य: 'ड्राइव्ह एंडच्या बेअरिंगवर कंपन थोडे जास्त आढळून आले.' थोडे म्हणजे किती? आकडा परिशिष्टातल्या तक्त्यात होता, ११.२. पुढे एकक नाही. फोन करून विचारले तेव्हा कळले, मिलिमीटर प्रति सेकंद. म्हणजे पंप ताबडतोब थांबवायला हवा होता. 'सर, मी लिहिलंय की त्यात,' मुलगा म्हणाला. खरेच लिहिले होते. मुलगा हुशार आहे, रीडिंग अचूक होते, बिघाडाचे कारणही त्याने बरोबर ओळखले होते. पण ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याला पहिल्या पानावर काय लागते, हे त्याला कॉलेजात कोणी सांगितलेच नव्हते. हे इंग्रजी कच्चे असल्याचे दुखणे नाही. मातृभाषेत लिहिले असते तरी ते वाक्य चौदाव्याच पानावर गेले असते.

सांगणार कोण? प्रयोगवही मागच्या बॅचची समोर ठेवून उतरवली जाते, निष्कर्षाखाली 'नियम सिद्ध झाला' एवढेच लिहिलेले असते आणि त्याखाली शिक्षकांची सही पडते. प्रकल्प अहवालात समास, बाइंडिंग, प्रमाणपत्राचे पान तपासतात. आतली वाक्ये कोण वाचतो?

'कोलंबिया' यानाचे उदाहरण प्रत्येक कॉलेजात शिकवले पाहिजे. १ फेब्रुवारी २००३ रोजी पृथ्वीवर परतताना ते तुटले आणि कल्पना चावलासह ७ अंतराळवीरांचा मृत्यू झाला. यान अजून अंतराळात असतानाच, उड्डाणावेळी इंधनटाकीवरून सुटून पंखावर आदळलेल्या फोमबद्दल (याच धडकेने पुढे यान तुटले) अभियंत्यांनी स्लाइड तयार केल्या होत्या. उपलब्ध चाचण्या ३ घन इंचाच्या तुकड्यांच्या होत्या, आदळलेला तुकडा १,९२० घन इंचांचा धरला होता. म्हणजे ६४० पट! ही सर्वांत मोठी गोष्ट एका स्लाइडच्या अगदी तळाशी होती आणि मथळा मात्र धीर देणारा. चौकशी मंडळाने ती स्लाइड आपल्या अहवालात छापली आणि तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइडवर काम भागवण्याच्या सवयीवर ठपका ठेवला. तिथे कुणाची देहबोली कमी पडली नव्हती.

म्हणून माझे म्हणणे असे की हे काम विषयाच्या शिक्षकांनीच, पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेपासून करावे. दर सत्रात निदान एक अहवाल लाल शाईने तपासून परत द्यावा, मुलाने तो पुन्हा लिहावा आणि गुण दुसऱ्या खर्ड्याला द्यावेत. सादरीकरणाला दुसऱ्या शाखेचा विद्यार्थी बसवावा. काय समजले आणि आता काय करायचे, हे त्याने सांगावे. त्याला सांगता आले नाही, तर सादरीकरण पुन्हा. शिक्षकांवर तपासणीचा बोजा वाढेल, हे मान्य आहे. त्यासाठी तुकड्या लहान कराव्या लागतील आणि तो खर्च कॉलेजांनी सोसला पाहिजे.

जाता जाता आणखी एक. त्याच लेखासोबतच्या आलेखात उभ्या अक्षावर एकक नव्हते आणि अक्ष शून्याऐवजी मधूनच सुरू केला होता, त्यामुळे किरकोळ फरकही दुप्पट-तिप्पट दिसत होता. आकडेवारी कुठून घेतली तेही दिले नव्हते. हा अंक विद्यार्थीही वाचतात. कृपया तो आलेख दुरुस्त करून पुन्हा छापावा.

आपला,
एक मेकॅनिकल इंजिनिअर