आशाताई, त्या बोंडल्यासाठी आणि त्या सगळ्या फेऱ्यांसाठी

ताई,

लई दिवसांपासून लिहायचं म्हणत होते, पण तुम्ही समोर आलात की चहापाणी, सोयाबीनचा भाव, लेकराचा खोकला असं बोलण्यातच वेळ जातो. आणि तोंडावर आभार मानले की तुम्ही "जाऊ द्या हो, कामच हाय ते माझं" म्हणत उठून जाता. म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय, म्हणजे तुम्हाला उठून जाता येणार नाही.

पोरीचा ओठ शिवल्यापासून भेटेल तो डॉक्टरांचं नाव घेतो, आणि घ्यायलाच पाहिजे, देवमाणूस आहे तो. पण लातूरच्या त्या टेबलावर माझं लेकरू पोचलं कसं हे फक्त मला माहीत आहे आणि तुम्हाला.

तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा मी कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसले होते. जिथं बाळंत झाले त्या दवाखान्याचं नाव घेत नाही, पण तिथं मला एवढंच सांगितलं की ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेत, वर्षभराची झाल्यावर बघू, तोवर बाटलीनं पाजा. बाटलीनं कसं पाजायचं ते कुणीच सांगितलं नाही. लेकरू ओढायचा प्रयत्न करायचं, दमायचं, दूध नाकातनं बाहेर यायचं, मग ठसका, मग निळं पडल्यासारखं व्हायचं आणि मी घाबरून बाटली बाजूला ठेवायची. जन्मली तेव्हा 2 किलो 400 ग्रॅम होती. बाराव्या दिवशी नावाचं काही करायचं मन नव्हतं कुणाचं घरात. चौदाव्या दिवशी तुम्ही तुमच्या झोळीच्या काट्याला तिला अडकवलं आणि काटा 2 किलो 250 वर थांबला. तुम्ही काहीच बोलला नाहीत, पुन्हा एकदा काढून अडकवलं, पुन्हा तेवढंच. तुमचा चेहरा मला अजून दिसतो.

त्याच दिवशी संध्याकाळी तुम्ही घरून स्टीलचं बोंडलं, म्हणजे लेकराला दूध पाजायचं चोचीचं भांडं, घेऊन आलात, तुमच्या लेकराचं जुनं, उकळून, फडक्यात गुंडाळून. पोत्याला टेकून बसलात, पोरीला मांडीवर जवळजवळ उभंच धरलं, मान तुमच्या कोपरात, आणि बोंडल्याची चोच गालाच्या आतल्या बाजूला लावून थोडं थोडं दूध सोडलं. एक घोट. थांबलात. तिनं गिळलं. परत एक. मग म्हणालात, "बगा, गिळायला येतंय तिला, फक्त ओढायला येईना. टाळूला भोक असल्यावर तोंडात हवा धरतच नाही, मग दूध वढावं कसं तिनं?" एवढी साधी गोष्ट. तोवर मला वाटायचं माझंच दूध तिला नको आहे. त्या वाक्यानं माझ्या छातीवरचा धोंडा उतरला ताई.

मग तुम्ही शिकवलं, अंगावरचं दूध वाटीत काढायचं, दर दोन-अडीच तासाला पाजायचं, एका वेळेला अर्ध्या तासाच्या वर ओढायचं नाही कारण खाण्यातच लेकरू दमलं तर वजन वाढणार नाही, मधेमधे खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा कारण हिच्या पोटात हवा जास्त जाते. रात्री दोनला, चारला मी उठायचे आणि तुमचा आवाज कानात असायचा.

आणि आत्याबाई. त्यांनी मला ग्रहणात विळी हातात घेतली म्हणून बोल लावला होता, शेजारच्या बायापण तेच. मी स्वतःपण तेच धरून बसले होते, खोटं कशाला बोलू. तुम्ही भांडला नाहीत, नुसतं विचारलं, ग्रहण लागलं तेव्हा कितवा महिना होता? सातवा. मग म्हणालात, "आत्याबाई, ओठ सहाव्या-सातव्या आठवड्यातच जुळून होतो आणि टाळू बाराव्यापर्यंत. बऱ्याच बायांना तवर दिवस गेलेलंबी कळत नाही. सातव्या महिन्यात ओठ कशाला फाटंल?" आत्याबाई गप्प झाल्या. थोडं रक्तातून येतं, थोडं बाकीच्या कारणानं, बऱ्याचदा एक कारण सापडतच नाही, आईचा दोष नसतो, हे तुम्ही त्यांच्यासमोर म्हणालात, माझ्याएकटीसमोर नाही. ह्याचं मोल मी शब्दात सांगू शकत नाही.

सरकारच्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (2013 पासून आहे म्हणे) हा आजार आहे, आणि दीड महिन्याच्या आतल्या लेकराला घरी जाऊन बघायचं काम आशाचंच असतं, हे मला नंतर कळलं. घरभेटी म्हणजे 3, 7, 14, 21, 28 आणि 42 वा दिवस. त्या सहा भेटींचे मिळून तुम्हाला 250 रुपये मिळतात हेपण नंतरच कळलं. माझ्या घरी तुम्ही सहा वेळा नाही आलात, मी मोजणं सोडून दिलं एवढ्या वेळा आलात, पावसात चप्पल हातात घेऊन आलात.

लातूरला पहिल्यांदा गेलो तेव्हा आत्याबाई डॉक्टरांना म्हणाल्या, आजच शिवून टाका की, एवढंसं तर आहे. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की काही ठिकाणी अगदी तान्ह्या लेकराचं पण करतात, पण भूल सोसायला अंगात ताकद लागते, म्हणून जुना हिशोब आहे, 10 आठवडे, 10 पौंड म्हणजे साडेचार किलो, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन 10. तिची तेव्हा साडेतीन किलोपण नव्हती. परत येताना एसटीत मी खिडकीकडं बघून रडत होते आणि तुम्ही म्हणालात, "आता आपलं काम एकच, काटा." मग दर आठवड्याला काटा. शंभर ग्रॅम वाढलं की आम्ही दोघी सणासारखं करायचो.

साडेचार महिन्याला 4 किलो 700 झाली. तारीख मिळाली आणि आदल्या दिवशी सर्दी झाली, ऑपरेशन पुढं ढकललं. मी पार खचले, तुम्ही फोनवर म्हणालात, छातीत कफ असताना भूल नको, दोन आठवडे काय जड नाहीत. पैशाचं म्हणाल तर एक रुपया लागला नाही, स्माईल ट्रेन म्हणून संस्था आहे, 1999 पासून जगभर अशा लेकरांच्या ऑपरेशनचा खर्च उचलते. जायचा यायचा खर्च सोडला तर काही नाही. ज्यांच्या घरात असं लेकरू आहे त्यांनी हे वाचत असाल तर पैशासाठी थांबू नका.

ऑपरेशन झालं, पोरगी बाहेर आली, हाताला पुठ्ठ्याच्या पट्ट्या, टाके ओढू नयेत म्हणून. सगळे म्हणाले किती गोड दिसायली. आणि खरं सांगते, मला तिचं आधीचं ते रुंद हसू आठवून रडू आलं, चार महिने तेच हसू बघून मी जगले होते. हे कुणाला सांगावं? तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "येणारच की रडू." बस, तेवढंच.

टाळू वर्षाची व्हायच्या आत शिवला, बोलायला लागायच्या आधी व्हावा म्हणून. तरी आवाज नाकातनं यायचा, बाबाला 'मामा' म्हणायची, ह्यांना लई लागायचं ते. कान दोनदा तपासून घेतले कारण टाळूच्या लेकरांच्या कानात पाणी साठतं आणि ऐकूच नीट आलं नाही तर बोलणार कसं. मग बोलायचे व्यायाम, ओठ मिटून 'प', 'ब', आरशावर वाफ बघत. सहा महिने गेले. एका सकाळी ह्यांची गाडी लागायचा आवाज आला आणि पोरगी पळत गेली, "बाबा!" ब चा ब. ह्यांनी गाडीची चावी काढलीच नाही, तसंच उचललं तिला.

अजून आठ-नऊ वर्षाची झाल्यावर हिरडीत हाड भरायचं आहे, दातांचं आहे. होईल.

बोंडलं मी परत दिलं नव्हतं, माहीत आहे. मागच्या महिन्यात तुम्ही फोन केलात की शेजारच्या गावात तसंच लेकरू झालंय, द्या म्हणून. मी कुणाच्या हाती पाठवलं नाही, स्वतः गेले. त्या पोरीच्या शेजारी बसून, तिचं लेकरू मांडीवर उभं धरून दाखवलं, गालाच्या आतून, एक घोट, थांबायचं. तीपण भिंतीकडं तोंड करून बसली होती.

यंदा येळवसला, वेळ अमावस्येला, आमच्या शेतात यायचं, नाही म्हणायचं नाही. भज्जी, आंबील सगळं आहे. पोरगी म्हणायली आशामावशीच्या हातानं आंबील पिणार, गडव्यानं. पिते आता ती, नाकातनं एक थेंब येत नाही.

तुमची,
वरच्या गल्लीतली