दरीच्या बाजूनं चालणाऱ्या काकांना

प्रिय काका,

तुम्हाला आणि काकूंना सादर नमस्कार.

तुमचे आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता. स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यमच्या स्टेशनवर मी जेमतेम 'काका, तुम्ही जे केलंत' इथवर आले होते, तर तुम्ही म्हणालात, "खिडकीची जागा धरा, रॅनॉकचं माळरान झोपेत घालवू नका." आणि डब्यात ढकललंत. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. इथे तुम्हाला मधेच तोडता येणार नाही. शिवाय दर उन्हाळ्यात आमच्यासारखी किती तरी मराठी घरं लंडन-मँचेस्टरहून आई-बाबांना घेऊन स्कॉटलंडला येतात, त्यांनाही वाचता येईल.

तुमची-आमची ओळख म्हणजे ओळखीच्या ओळखीची. ग्लासगोत जूनमध्ये आई-बाबा आले, तेव्हा बाबांनी सांगूनच टाकलं होतं की ब्रिटनमधलं सगळ्यात उंच शिखर, बेन नेव्हिस, करायचं. तरुणपणी नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड चढलेला माणूस. गुडघे आता तसे राहिले नाहीत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण बोलायचं कुणी? कुणीतरी तुमचा नंबर दिला. निवृत्त डॉक्टर, मूळचे साताऱ्याचे, अर्धं आयुष्य तिकडेच डोंगरात फिरण्यात गेलं, एवढंच कानावर आलं होतं. मी फोनवर हॉटेल आणि रस्त्याबद्दल विचारत होते आणि तुम्ही मला विचारलंत, "बाबा जिना उतरताना सरळ उतरतात की आडवे?"

आडवे उतरतात. कठडा धरून, एकेक पायरी. मी हे रोज बघत होते आणि त्याचा डोंगराशी संबंध मात्र मी लावला नव्हता.

पहिल्या संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बाबांनी तोफ डागलीच. "कळसूबाई १६४६ मीटर, हा तुमचा बेन १३४५. मग एवढं काय?" दुसरा कुणी असता तर वयाचा दाखला देऊन मोकळा झाला असता. तुम्ही नकाशा पसरलात. म्हणालात, कळसूबाईला बारी गावातून निघता तेव्हा गावच आधी चांगलं उंचावर बसलेलं असतं. इथे सुरुवात जवळजवळ समुद्रसपाटीपासून. त्यात ५७ अंश उत्तरेची हवा. खाली शर्टावर फिरत असलो तरी वर आठ-नऊ अंश कमी, त्यावर वारा, आणि उत्तरेच्या घळींत जूनमध्येही बर्फ असू शकतं. मग पेन्सिल बाबांच्या हातात दिलीत आणि नेस्मिथचा नियम सांगितलात. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२मध्ये मांडलेला हिशेब: दर तीन मैलांना एक तास आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. बाबांनी आकडेमोड केली. साधारण आठ किलोमीटर, तेराशे मीटरची चढाई, म्हणजे पावणेचार तास. बाबांचा चेहरा खुलला.

"हे धडधाकट माणसाचं गणित," तुम्ही म्हणालात, "आणि नुसतं चढायचं. उतरणं त्यात धरलेलंच नाही."

बाबा कागदाकडे बघत राहिले. तेराशे मीटर उतरायचं, तेही आडवं. काकूंनी चहा ओतला. बऱ्याच वेळानं बाबांनी विचारलं, "मग दरीत काय बघण्यासारखं आहे?"

काका, त्या क्षणाचे आभार कसे मानायचे ते मला खरंच कळत नाही. 'नाही' हा शब्द तुम्ही उच्चारला नाहीत. निर्णय बाबांचा झाला.

दरीत काय आहे, ते मग तुम्ही दाखवत गेलात. ग्लेन नेव्हिस ही हिमनदीनं कोरलेली लांबट दरी, एका अंगाला बेन नेव्हिसची भिंत, दुसऱ्या अंगाला मामोर डोंगररांग, मधून नेव्हिस नदी. पहिला दिवस नुसता नदीकाठचा, सपाटीवरचा. आईनं समोर बोट दाखवून "ते बघा बर्फ" म्हटलं, तर तो स्गुर अ व्हाइम नावाचा डोंगर निघाला, क्वार्ट्झाइटच्या पांढऱ्या दगडगोट्यांमुळे भर उन्हातही बर्फाळ दिसणारा. दुरून कुक्कू ओरडत होता. बाबा थबकून ऐकत म्हणाले, "आपल्या पावशाचा चुलतभाऊ दिसतोय. पण हा 'पेरते व्हा' म्हणत नाही." जून होता, गावाकडे पेरण्यांचीच घाई असणार. आमच्या चिरंजीवांना मात्र या असल्या चालण्यात रस नव्हता. त्याला तुम्ही नेव्हिस रेंज या डोंगरी खेळांच्या केंद्रात भाड्याची सायकल मिळवून दिलीत आणि तो चिखलानं माखून, खूश होऊन परतला. तिथल्याच गोंडोल्यातून आई-बाबा साडेसहाशे मीटरवर जाऊन आले. उंचीची हौस थोडी तरी भागली.

पण मला लिहायचंय ते स्टील नावाच्या धबधब्याकडे जाणाऱ्या वाटेबद्दल. (घरी फोनवर बाबा 'स्टीलचा धबधबा' म्हणाले तर माझ्या घरच्या काकाला वाटलं पोलादी काहीतरी आहे. असो.)

जिथे दरीतला डांबरी रस्ता संपतो, तिथून ती वाट निघते. सुरुवातीलाच पाटी आहे की या वाटेवर पडून माणसं मेली आहेत, जपून चाला. लांबी फार नाही, जाऊन-येऊन साडेतीन-चार किलोमीटर. पण एका बाजूला खडकाळ उतार, दुसऱ्या बाजूला थेट घळ आणि खाली नदीचा गर्जत जाणारा पाट. बर्च, ओक, रोवन, स्कॉट्स पाइन खडकांना चिकटून उभे. पाऊस नुकताच थांबलेला, दगड चकचकीत ओले. बाबांच्या काठ्यांची लांबी तुम्ही गाडीपाशीच बसवून दिली होतीत, उतारावर त्या थोड्या वाढवायच्या हेही दाखवलं होतंत. तरी अर्ध्या वाटेवर एका उंच पायरीशी त्यांचा गुडघा अडला. पुढे जाववेना, मागे वळायला जागा नाही, आणि नजर सारखी खाली घळीकडे.

तेव्हा तुम्ही काही न बोलता त्यांच्या दरीच्या बाजूला येऊन उभे राहिलात. तुमची पाठ घळीकडे. आणि जणू चहाला बसलोय अशा आवाजात विचारलंत, "हरिश्चंद्रगडावर इंद्रवज्र पाहिलंत का हो तुम्ही?"

बाबांनी पाहिलं होतं. कोकणकड्यावर, एकदाच. खाली दाटलेलं धुकं, पाठीमागे ऊन, धुक्यावर पडलेली आपलीच सावली आणि तिच्या डोक्याभोवती रंगांचं गोल कडं. ते सांगू लागले. कर्नल साइक्सनं १८३५मध्ये ते लिहून ठेवलं, तिथपर्यंत त्यांची गाडी आली. सांगता सांगता एक पाऊल पडलं. मग तुम्ही म्हणालात, "आपल्या डोक्यावर हा जो डोंगर आहे ना, त्याच्या माथ्यावर तेच दिसतं. त्यावर एकाला नोबेल मिळालं."

आणि गोष्ट सुरू केलीत. १८८१च्या उन्हाळ्यात क्लेमंट रॅग नावाचा माणूस रोज, हो रोज, बेन नेव्हिस चढून हवामानाच्या नोंदी घ्यायचा आणि त्याच वेळी त्याची बायको खाली फोर्ट विल्यमला समुद्रसपाटीवरच्या नोंदी घ्यायची. (या कामाचं बक्षीस त्याला एकट्याला मिळालं. आईनं तेवढ्यातही ते टिपलं.) मग १८८३मध्ये माथ्यावर वेधशाळा उभी राहिली. तिचं सामान तट्टांवरून न्यायला जी वाट बांधली, तिच्यावरूनच आज माणसं शिखरावर जातात. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. आमचं महाबळेश्वर याच्याही वरचढ, असं तुम्ही सातारकराच्या अभिमानानं जोडलंत, पण ते चार महिन्यांत उरकतं, इथे बारा महिने रतीब चालू. दिवसरात्र, दर तासाला नोंद घ्यायची, हिवाळी वादळातसुद्धा. पैशांअभावी १९०४मध्ये ती बंद पडली. त्याआधी १८९४च्या सप्टेंबरमध्ये सी. टी. आर. विल्सन हा तरुण पदार्थशास्त्रज्ञ दोन आठवड्यांसाठी बदली निरीक्षक म्हणून वर राहिला. सकाळी ढगांवर त्याला ती कडी दिसली आणि हे ढग प्रयोगशाळेत बनवायचेच असं त्याच्या मनानं घेतलं. त्यातून पुढे क्लाउड चेंबर आलं, ज्यात अणूहून लहान कणांचे माग धुक्याच्या रेघांसारखे दिसू लागले. १९२७चं नोबेल त्यासाठीच. पॉझिट्रॉनचा, म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्याच पण धन भाराच्या कणाचा, शोधही १९३२मध्ये अशाच चेंबरमध्ये लागला.

बाबा निवृत्त विज्ञान शिक्षक आहेत, हे मी तुम्हाला फोनवर ओझरतं सांगितलं होतं. तुम्ही ते लक्षात ठेवलंत. पॉझिट्रॉनपर्यंत गोष्ट पोहोचली तेव्हा घळ संपली होती.

आणि समोर ते हिरवं सपाट मैदान. अरुंद, गडगडाटी घळीतून बाहेर आल्यावर तेवढी शांत, रुंद जागा, मधून वळणं घेत जाणारी नदी आणि पलीकडे १२० मीटरवरून कोसळणारा धबधबा. बाबा काठ्या टेकवून उभे राहिले आणि आईला म्हणाले, "वर असतो तर ढगात असतो." खरंच होतं. त्या सकाळी तुम्ही डोंगरी हवामानाचा अंदाज काढून आम्हाला दाखवला होतात, माथा ढगाबाहेर राहण्याची शक्यता किती टक्के तेही त्यात असतं. आकडा फारच केविलवाणा होता.

तिथल्या तीन तारांच्या पुलाबद्दल नातेवाइकांना सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही. एक पोलादी तार पायांना, दोन हातांना, बस्स. तुम्ही म्हणालात, धबधबा इथूनही दिसतो, ओलांडायची काही गरज नाही. आई तरीही पंजाबी ड्रेसवर चार पावलं जाऊन आली. मग गवतावर बसून काकूंची थालीपिठं आणि ठेचा. तेवढ्यात वारा पडला आणि मिजचा हल्ला झाला. त्या चिलटांना वारा सोसत नाही, पडला की झुंडीनं येतात. तुमच्या पिशवीतून जाळीच्या टोप्या निघाल्या. बाबा मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवासारखे दिसत होते आणि तसेच थालीपीठ खायचा प्रयत्न करत होते.

घरी परतल्यावर तुम्ही सगळ्यांना पाय तपासायला लावलेत. नेचांच्या रानातून चाललो की गोचीड चिकटते, तिच्यामुळे लाइम आजार होऊ शकतो. छोट्या हुकानं ती अलगद काढायची, आणि पुढच्या आठवड्यांत लाल, पसरत जाणारा चट्टा दिसला तर सरळ डॉक्टर गाठायचा. चिरंजीवांच्या पोटरीवर एक सापडलीच. काही झालं नाही.

तुम्ही लोकांना सांगता त्या आणखी दोन गोष्टी इथे लिहून ठेवते. डोंगरात अडचण आली तर ९९९ फिरवायचा, आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू. रेंज कमी असल्यानं फोन लागत नसला तरी मेसेज जाऊ शकतो, पण त्यासाठी आधीच ९९९ला 'रजिस्टर' असा मेसेज पाठवून नोंदणी करावी लागते. आमच्या सगळ्यांच्या फोनवर ती तुम्ही समोर बसून करून घेतलीत. लोखाबरच्या रेस्क्यू पथकातली माणसं स्वयंसेवक आहेत, सुटकेचे पैसे घेत नाहीत, हे ऐकून बाबांनी गुपचूप त्यांच्या डब्यात नोट टाकली.

"ही जमीन कुणाची?" हा बाबांचा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न होता. वरची दरी आणि बेनचा माथा २०००पासून जॉन म्यूर ट्रस्ट या निसर्ग जपणाऱ्या संस्थेकडे आहे. पण २००३च्या कायद्यानं स्कॉटलंडमध्ये बहुतेक सगळ्या जमिनीवरून कुणालाही जबाबदारीनं चालता येतं, मालक कुणीही असो. फाटक उघडलंत तर लावा, कचरा परत न्या. तुम्ही वाटेवरचं केळ्याचं साल उचललंत तेव्हा बाबा म्हणाले, "साल तर कुजेल की." तुम्ही म्हणालात, या थंडीत कुजायला फार वेळ लागतो. बाबांनी पुढचं साल स्वतः उचललं. आपल्या गडांवरच्या वेफर्सच्या पाकिटांबद्दल मग तुम्हा दोघांचं जे बोलणं झालं ते इथे छापण्यासारखं नाही, पण माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे.

बाबा पुण्याला परतलेत. तिथे लोक विचारतात, "बेन नेव्हिस केलात का?" आणि ते सांगतात, "नाही, ग्लेन नेव्हिस केलं," आणि मग विल्सनवर अर्धा तास. ऐकणाऱ्याची सुटका नाही. पावसाळ्याच्या शेवटी तुम्ही दोघांनी पुण्याला यायचं कबूल केलंय, ते मी इथे चारचौघांत लिहून ठेवतेय. कोकणकड्यावर तेव्हा इंद्रवज्राची थोडीफार आशा असते. बाबा पायथ्यापर्यंत गाडीनं येतील, वर तुमच्याबरोबर मी आणि चिरंजीव. काकू आणि आईचं म्हणणं आहे की त्या पाचनईलाच थांबून पिठलं-भाकरी खातील.

तुमचे गेटर्स (बुटांवर चढवायची ती चिखल अडवणारी आवरणं) आणि जाळीच्या टोप्या धुऊन पार्सल केल्या आहेत. नकाशा पाठवलेला नाही. तो बाबा घेऊन गेले, पेन्सिलीच्या हिशेबासकट, आणि परत द्यायचा त्यांचा विचार दिसत नाही. नवीन घेऊन पाठवते.

तुमची,
ग्लासगोची लेक