शिरोली की नेट

शिवाजी पेठ, कोल्हापूर

प्रिय बाळ्या,

तब्येतीचं आधी उरकतो. आईची शुगर आटोक्यात, आजीचा गुडघा तसाच, मी ठणठणीत.

आता मुद्द्याचं. परवा आमच्या फिजिक्स विभागात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला, आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय. वर्गातल्या पोरांना सांगितलं तर 'बरं मग?' म्हणतील. तुला कळेल, कारण राजाराम कॉलेजच्या त्या डार्क रूममध्ये प्रकाशाच्या रेषा वेगळ्या करणाऱ्या ग्रेटिंगसमोर माझ्या शेजारी तू होतास.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत स्पेक्ट्रो लॅब सांभाळणारी एक ताई आली होती. आपल्याच विभागातनं एम.एस्सी. झालेली. तिनं भाषण असं केलंच नाही. पर्समधनं एक लोखंडी चकती काढली आणि पहिल्या बाकावरनं मागं फिरवायला दिली. एक बाजू घासून चकचकीत केलेली, तिच्यावर तीन-चार काळपट डाग. भट्टीतला थोडा रस तांब्याच्या साच्यात ओतायचा, चकती घासायची, यंत्रावर ठेवायची. ठिणगी पडली की लोखंडातलं एकेक मूलद्रव्य आपापल्या रेषा दाखवतं, आणि कार्बन किती, सिलिकॉन किती, सगळे आकडे मिनिटाच्या आत पडद्यावर. एस.जी. आयर्न, म्हणजे गोळ्यांच्या ग्रॅफाइटचं ओतीव लोखंड, असेल तर मॅग्नेशियम साधारण ०.०३ ते ०.०५ टक्के लागतं. एवढ्याशानं ग्रॅफाइटच्या पाकळ्यांचे गोळे होतात आणि कास्टिंगचा ठिसूळपणा जातो. पण ओतायला उशीर झाला तर मॅग्नेशियमचा गुण उतरत जातो. म्हणून आकडा येईपर्यंत सगळे हिच्या तोंडाकडे बघत उभे. "मी हो म्हटल्याशिवाय रसाची लॅडल हलत नाही," म्हणाली.

बाळ्या, अरे हे आपण केलंय! सोडियमच्या त्या दोन पिवळ्या रेषा, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. तू कोनाचं व्हर्नियर वाचायचास, मी लिहायचो. त्यात तू दोन्ही खिडक्यांची रीडिंग अदलाबदल केलीस आणि आपलं सोडियम भलत्याच रंगात गेलं. तू अजून म्हणतोस मीच चुकीचं लिहिलं. जर्नल माझ्याकडं आहे लेका, सगळा पुरावा जपून ठेवलाय. तू पाटाकडील तालमीच्या फुटबॉल टीमचा, रेफरीचं ऐकत नाहीस, माझं काय ऐकणार!

दुसरा एक दादा होता, तो खोडदच्या जीएमआरटी ह्या रेडिओ दुर्बिणीच्या कंट्रोल रूमला असतो. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशा. १४ मधे गर्दी करून आणि बाकीच्या १६ तीन फाट्यांवर लांबवर पसरलेल्या. वारा फार सुटला की सगळ्यांची तोंडं सरळ वर करून थांबवायचं, हे काम त्याच्या पाळीत त्याच्याकडं. डिश जाळीची असल्यानं बराचसा वारा आरपार जातो, ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांची हुशारी, हे सांगताना तो असा फुलला होता की घरातलंच कुणीतरी वाटावं. मला तुझं ते जुनं वाक्य आठवलं. आठवतंय का, टेंबलाईच्या चढावर आपण भांडलो होतो? मी म्हणालो, नारळीकर आपल्या कोल्हापूरचे. तू म्हणालास, १९३८ साली जन्मले इथं, शिकले बनारसला आणि केंब्रिजला. इथनं कोण कुठं गेलंय ते सांग. तेव्हा मला उत्तर आलं नव्हतं. आता हा दादा घे. आपण बसलो त्याच बाकांवर बसून गेलाय, बनारस-केंब्रिज काही नाही. एक बँकेत अधिकारी झालेला होता, एक एमपीएससीवाला होता, तेही चांगलं बोलले. पण मला झोप लागू दिली नाही ती ह्या दोघांनी.

खरा घोळ इथनं पुढं. घरी येऊन मी पप्पांना ताईचं सगळं सांगितलं. पप्पा उद्यमनगरात एवढी वर्षं लेथवर कास्टिंग कापतायत. जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "म्हणजे हार्ड स्पॉट लागून आमचं टूल तुटतं, ते ह्या आकड्यांवर असतंय?" मी सिलिकॉन कमी पडलं किंवा पातळ भाग पटकन गार झाला की कडक कार्बाइड कसं धरतं ते सांगितलं. ताट तसंच ठेवून ऐकत बसले. फिजिक्सबद्दल त्यांनी मला काही विचारलं ते पहिल्यांदाच, बाळ्या. मला इतका आनंद झाला की काय सांगू. आणि हात धुऊन आल्यावर म्हणाले, "ठरलं मग. परीक्षा झाली की शिरोलीला लाग. बी.एड.चं नाव काढत नाही मी."

आता सांग, काय बोलू? मला पीएच.डी. करायचीय. प्रोजेक्टला सध्या कॅडमियम सल्फाइडच्या थिन फिल्म करतोय. काचपट्टी द्रावणात उभी धरायची आणि तापवत राहायचं. बराच वेळ काहीच होत नाही, मग अचानक बीकर पिवळा व्हायला लागतो आणि काचेवर पातळ, सारखा थर धरतो. त्या क्षणासाठी मी जेवण सोडून थांबतो. हे सोडून मला जाववत नाही. डिसेंबरची नेट, संशोधनाच्या फेलोशिपची परीक्षा, द्यायचीय. जेआरएफ, म्हणजे ती फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० मिळतात, पप्पांना तोंड दाखवायला जागा राहते. नाही मिळाली तर? धाकटीची फी आहे, घराचा हप्ता आहे. ताईला मी हे सगळं विचारलं. ती म्हणाली, तिनंही दोनदा नेट दिली होती, आणि लॅबला माणूस लागतोच, एक वर्षानं काही बिघडत नाही. म्हणजे फौंड्रीची मला भीती राहिली नाही. तिथंही तेच फिजिक्स आहे, आणि मनापासून करण्यासारखं आहे. पण मन इकडं ओढतंय, आणि हे पप्पांना सांगायचं तर त्यांच्या तोंडावरचा तो आनंद माझ्याच हातानं पुसायचा.

तू रूम बदललीस असं काकींकडनं कळलं. हिंजवडीचं ट्रॅफिक सुटलं का? नवीन टीम लीड बरा आहे ना? आणि लग्नाचं बोलणं कुठवर आलं ते काकी सांगत नाहीत, तूच लिही.

पप्पा तुझं ऐकतात. मागं मोटरसायकलच्या वेळी तू समजावलंस तेव्हा लगेच मान्य झाले होते. दिवाळीला येशील तेव्हा पहिल्याच दिवशी घरी ये आणि मी समोर असताना विषय काढ. शिरोलीला नाही म्हणत नाही, एक वर्ष मागतोय, एवढंच नीट सांग. नेटचा फॉर्म मी त्याआधी भरून ठेवतो.

तुझाच,
सच्या