पिनियनचा नट ‘१४०’ वर: १४० काय आणि कशाचे?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील वाहनविषयक सदरात मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची फिरक मागच्या ॲक्सलपर्यंत नेणारी लांब नळी) बदलण्यावर आलेला लेख वाचला. दोन तुकड्यांचा मूळ शाफ्ट काढून बाजारात मिळणारा एकसंध शाफ्ट कसा बसवावा, हे त्यात क्रमवार दिले आहे. या विषयावर मराठीत कुणी इतके सविस्तर लिहीत नाही, त्यामुळे लेख आवडला. पण त्यातली एक ओळ जशीच्या तशी पाळली, तर कुणाचे तरी डिफरन्शियल (मागच्या ॲक्सलमधली दातेरी चाकांची पेटी) उघडावे लागेल. पिनियनवर, म्हणजे शाफ्टची फिरक डिफरन्शियलमध्ये नेणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या दांड्यावर, नवा फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) चढवून त्याचा नट १४० टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळावा आणि हवेची गन असल्यास ती वापरावी, असे तिथे म्हटले आहे. १४० पुढे एकक नाही. एकक छापले असते तरी सल्ला चुकीचाच ठरला असता, कारण पुष्कळ गाड्यांत हा नट ठरावीक टॉर्कवर आवळून सोडून द्यायचा नसतोच.

पिनियन दोन टेपर रोलर बेअरिंगांवर फिरते. या दोन बेअरिंगांच्या मध्ये पातळ पत्र्याची, पोटाशी जराशी फुगलेली नळी असते. तिला क्रश स्लीव्ह म्हणतात. नट आवळला की फ्लँज पुढच्या बेअरिंगच्या आतल्या कड्याला रेटतो आणि ते कडे स्लीव्हला चेपते. स्लीव्ह चेपत जाईल तशी दोन्ही बेअरिंगे जवळ येतात आणि रोलर आपल्या बैठकीवर दाबून बसतात. या दाबालाच प्रीलोड म्हणतात. नटावर लावलेला बहुतेक जोर स्लीव्ह चेपण्यात आणि आट्यांच्या घर्षणात जातो. त्यामुळे पान्यावरचा आकडा पाहून बेअरिंगवर किती दाब आला, हे सांगता येत नाही. ते कळते पिनियन फिरवायला किती जोर लागतो त्यावरून.

लेखातला १४० हा आकडा बहुधा फोर्डच्या ८.८ इंची ॲक्सलवरून आलेला असावा. तिथे १४० फूट-पौंड, म्हणजे सुमारे १९० न्यूटन-मीटर, ही नटाची किमान मर्यादा आहे. नटाने निदान एवढा जोर घेतलाच पाहिजे. त्याआधीच प्रीलोड पुरा झाला तर स्लीव्हमध्ये दम उरलेला नाही असे समजून ती बदलायची. वरची मर्यादा नटाला नाही, पिनियनच्या फिरण्याला आहे: नव्या बेअरिंगला १६ ते २९ इंच-पौंड आणि वापरलेल्या बेअरिंगला ८ ते १४ इंच-पौंड. एकक नीट पाहावे, हे फूट-पौंड नाहीत. दोन्हींत १२ पटींचे अंतर आहे. न्यूटन-मीटरमध्ये हेच आकडे १.८ ते ३.३ आणि ०.९ ते १.६ होतात. म्हणजे एकीकडे लांब दांडा लावून अंगाच्या जोरावर नट फिरवायचा आणि दुसरीकडे त्याचा परिणाम बाटलीचे झाकण फिरवण्याइतक्या हलक्या जोरात मोजायचा. हवेच्या गनने हे साधत नाही. नवी स्लीव्ह दबायला लागेपर्यंत नट जागचा हलत नाही आणि एकदा दबू लागली की गनच्या दोन-तीन ठोक्यांत प्रीलोड हवा तिथून पुढे निघून जातो.

मोजणीसाठी काट्याचा किंवा डायलचा छोटा टॉर्क पाना लागतो. ‘टिक’ वाजणारा पाना इथे कामाचा नाही, कारण पिनियन फिरत असतानाचा जोर वाचायचा आहे. पहिला झटका मोजायचा नाही; पिनियन एकसारखे फिरू लागल्यावर काटा कुठे स्थिरावतो ते पाहायचे.

आता लेखात अजिबात न आलेली गोष्ट. जुना नट सोडण्याआधीच एक मोजणी करून ठेवावी लागते. गाडी घोड्यांवर (लोखंडी आधारांवर) पक्की उभी करून, शाफ्ट सोडवून, मागची दोन्ही चाके काढावीत. ड्रम असतील तर ड्रम उतरवावेत, डिस्क असतील तर कॅलिपर बाजूला बांधून ठेवावेत. ब्रेक शू किंचित जरी घासत असला तरी त्याचा अडथळा मोजणीत मिसळतो आणि सगळा हिशेब फसतो. मग पिनियन काही फेरे फिरवून काटा वाचावा आणि आकडा लिहून ठेवावा. पुस्तकातले ८ ते १४ हे एकट्या पिनियनचे माप असते. गाडीवर मोजताना क्राउन व्हील (पिनियन ज्याला फिरवते ते मोठे दातेरी चाक), त्याची बेअरिंगे आणि ॲक्सल शाफ्ट हे सगळे सोबत फिरतात, म्हणून पुस्तकातला आकडा आणि आपला आकडा जुळणार नाही. नुसता फ्लँज बदलायचा असेल तेव्हा आपली आधीची मोजणी हाच आधार. काम झाल्यावर त्याच स्थितीत पुन्हा मोजून आधीच्यापेक्षा ३ ते ५ इंच-पौंड, म्हणजे सुमारे ०.३ ते ०.६ न्यूटन-मीटर, जास्त आले की थांबायचे. ही वाढ मुख्यतः नव्या ऑइल सीलच्या (तेल अडवणाऱ्या रबरी कड्याच्या) घट्ट ओठासाठी धरलेली असते.

नट, पिनियनचे टोक आणि फ्लँज यांवर पंचने खुणा करून बाहेर दिसणारे आटे मोजण्याची पद्धत जुनी आणि चांगली आहे. पण बाजारातल्या शाफ्टबरोबर फ्लँजही दुसरा येतो. त्याच्या मानेची (पिनियनवर चढणाऱ्या नळीची) लांबी मूळ फ्लँजपेक्षा अर्धा मिलिमीटर कमी-जास्त असली तरी नट जुन्या खुणेवर आला म्हणजे काम झाले, असे म्हणता येत नाही. दोन्ही फ्लँज शेजारी ठेवून व्हर्नियरने मान मोजावी, म्हणजे खूण कितपत मानायची ते कळते.

नट सोडताना फ्लँज धरून ठेवायला साधारण एक मीटर लांबीची जाड पट्टी दोन बोल्टनी फ्लँजला जोडावी आणि तिचे टोक जमिनीला किंवा भक्कम चौकटीला टेकवावे. फ्लँज पुलरनेच काढावा. हातोड्याने ठोकला तर प्रत्येक ठोका रोलरमार्फत बेअरिंगच्या बैठकीवर बसतो आणि तिथे बारीक डाग पडतात. पुढे हेच डाग घरघर करतात. खाली तेलासाठी तसराळे ठेवायला विसरू नये, फ्लँज निघाला की थोडे तेल येतेच.

जुना सील उचकटताना घराच्या आतल्या बाजूला ओरखडा पडू देऊ नये. नवा सील सरळ, चारी बाजूंनी सारखा दाबत बसवावा आणि त्याच्या ओठाला तेच गिअर ऑइल लावावे. कोरडा ओठ पहिल्या काही मिनिटांतच जळतो. फ्लँजची मान जिथे सीलवर फिरते तिथे नख फिरवून पाहावे. नख अडकण्याइतकी खाच असेल तर नवा सील फार दिवस टिकणार नाही. स्प्लाइनच्या (पिनियनवरच्या, फ्लँज अडकणाऱ्या उभ्या खाचांच्या) शेवटच्या भागावर सीलंटचा पातळ थर द्यावा, कारण तेल सीलखालून गळते तसेच स्प्लाइनमधून वाट काढून नटापाशीही येते. हे गळणे सीलचे समजून लोक दोन-दोनदा सील बदलतात.

नट नवाच घ्यावा. आट्यांना थ्रेडलॉकर (आटे पकडून ठेवणारे द्रव) लावावे. नट आवळताना पिनियन अधूनमधून दोन्ही दिशांना फिरवत राहावे, म्हणजे रोलर तिरके न बसता जागेवर येतात. हाताला लागणारा खेळ संपला की सावध व्हावे. इथून पुढे एका वेळी घड्याळातल्या एका मिनिटाच्या घरापेक्षा जास्त नट फिरवू नये, आणि प्रत्येक वेळी थांबून काटा वाचावा. हे कंटाळवाणे आहे, पण इथली घाई सगळ्यात महाग पडते. आकडा पुढे गेला तर नट थोडा मागे घेऊ, हा विचार मनात आणू नये. स्लीव्ह एकदा जास्त चेपली की परत फुगत नाही. नट मागे घेतला की बेअरिंगवरचा दाब जातो, स्लीव्ह नटाला धरून ठेवत नाही आणि नट चालत्या गाडीत सुटत जातो. अशा वेळी पिनियन बाहेर काढून नवी स्लीव्ह घालणे, एवढाच मार्ग आहे. काही कंपन्या तर फ्लँज नुसता काढला तरी स्लीव्ह बदलायलाच सांगतात. तिथे त्या गाडीचे पुस्तक अखेरचे.

प्रीलोड कमी राहिला तर पिनियन पुढे-मागे सरकते, दात आपली जागा सोडतात आणि गाडी ॲक्सिलेटर दिल्यावर एका सुरात व सोडल्यावर दुसऱ्या सुरात गाते. जास्त झाला तर पुढचे बेअरिंग तापते, हाऊसिंगच्या (ॲक्सलच्या कवचाच्या) नाकावर हात ठेववत नाही आणि उघडल्यावर रोलर निळसर दिसतात.

लेखकाच्या बाजूने एक सांगायला हवे. सगळ्याच ॲक्सलमध्ये स्लीव्ह नसते. जिथे भरीव स्पेसर (न चेपणारी नळी) आणि शिम (पातळ चकत्या) असतात तिथे प्रीलोड शिमच्या जाडीने ठरतो आणि नट दिलेल्या टॉर्कलाच आवळतात. तिथे आकडा देणे योग्यच आहे, फक्त एककासह आणि त्या ॲक्सलचे नाव घेऊन.

शाफ्टबद्दलचे मुद्दे लेखात बरे आहेत, तरी ‘ॲल्युमिनियमचा शाफ्ट हलका, म्हणून जास्त वेग सहन करतो’ अशा अर्थाचे विधान पटण्यासारखे नाही. प्रत्येक शाफ्टला एक घातक वेग असतो. त्या वेगाला तो मधोमध धनुष्यासारखा वाकून थरथरू लागतो. हा वेग नळीच्या व्यासाबरोबर वाढतो आणि लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा हलके आहे तसे जवळजवळ त्याच प्रमाणात लवचीकही आहे, त्यामुळे एकाच मापाच्या दोन नळ्यांचा घातक वेग जवळपास सारखाच येतो. फायदा होतो तो ॲल्युमिनियमची नळी सहसा मोठ्या व्यासाची करतात म्हणून. कार्बन फायबरची गोष्ट वेगळी, तो हलका असून ताठही असतो.

हिशेब करून पाहू. पोलादी नळी, बाहेरचा व्यास ७५ मिलिमीटर, पत्रा २ मिलिमीटर, दोन क्रॉसमधले (शाफ्टच्या टोकांच्या सांध्यांमधले) अंतर १.५ मीटर: घातक वेग मिनिटाला सुमारे ५,५०० फेरे. गाडी ताशी १२० किलोमीटर, टायरचा परीघ २.१ मीटर, डिफरन्शियलचे गुणोत्तर ४.१: चाक मिनिटाला साधारण ९५० फेरे आणि शाफ्ट ३,९०० फेरे. घातक वेगाच्या ७० टक्क्यांच्या वर नेहमी चालवू नये, हा सर्वसाधारण संकेत धरला तर मर्यादा ३,८५० येते. म्हणजे हा शाफ्ट १२० लाच काठावर आहे. मूळ शाफ्ट दोन तुकड्यांचा आणि मध्ये बेअरिंग घेऊन का येतो, ते यातून दिसते. एकसंध शाफ्ट मागवण्याआधी एवढी आकडेमोड कागदावर करावी.

लांबी मोजताना गाडीचे पूर्ण वजन चाकांवर असावे. लटकत्या ॲक्सलवर घेतलेले माप कामाचे नाही. स्लिप योक (गिअरबॉक्समध्ये आत-बाहेर सरकणारे शाफ्टचे टोक) पूर्ण आत ढकलून मग २० ते २५ मिलिमीटर बाहेर काढल्यावर जी जागा येते, ती उभ्या गाडीतली योग्य जागा समजावी. त्यापेक्षा आत गेला तर खड्ड्यात शाफ्ट गिअरबॉक्सच्या शेपटीवर धडकतो. शाफ्टच्या दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारी दुबेळकी) एका रेषेत हवेत, आणि दोन्ही क्रॉसचे कोन एकमेकांच्या एका अंशाच्या आत, शक्यतो तीन अंशांपेक्षा कमी, पण शून्य नकोत. अर्धा अंश तरी कोन असावा. नाहीतर क्रॉसमधल्या सुया एकाच जागी दाब खात तिथे खळी पाडतात.

फ्लँजच्या तोंडावरचा गंज, रंग, जुना सीलंट पुसून काढल्याशिवाय शाफ्ट जोडू नये. कागदाएवढा कचरादेखील एका बाजूला राहिला तर कितीही चांगला बॅलन्स केलेला शाफ्ट डोलतो. बोल्ट नवे घेऊन, समोरासमोरच्या जोडीने, शाफ्ट बनवणाऱ्याने दिलेल्या टॉर्कला आवळावेत आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. थरथर राहिलीच तर तिची लय ओळखावी. वरच्या उदाहरणातल्या १२० च्या वेगाला चाकाचा दोष सेकंदाला १६ वेळा जाणवतो, शाफ्टचा ६५ वेळा. क्रॉसच्या कोनांचा दोष शाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा, म्हणजे १३० वेळा; तो हाताला कमी आणि कानाला जास्त कळतो. शाफ्ट परत पाठवण्यापूर्वी एवढे पाहिले तर बरेचदा दोष फ्लँजचा किंवा कोनांचा निघतो.

पुढच्या अंकात दुरुस्ती द्यावी ही विनंती. त्यात १४० पुढे ‘फूट-पौंड, किमान’ हे शब्द, ॲक्सलचे नाव आणि पिनियन फिरवण्याचे इंच-पौंडातले माप एकाच ओळीत छापावे. लेख कापून गॅरेजच्या भिंतीवर चिकटवणारे वाचक आहेत, त्यांना दुरुस्तीही तिथेच शेजारी लावता येईल.

आपला,
एक वाचक, व्यवसायाने मेकॅनिक