अणू कळला म्हणजे सगळे कळले, असे नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला कणभौतिकीवरचा लेख आवडला. एक विधान मात्र फार खटकले. मूलकणांचे नियम पूर्ण हाती आले की रसायन, हवामान, जीवसृष्टी यांत आकडेमोडीखेरीज काही उरणार नाही, असे लेखक सहज लिहून गेले आहेत. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात अकरावी-बारावीला भौतिकी शिकवतो. हीच समजूत माझ्या विद्यार्थ्यांच्या डोक्यातही घट्ट बसलेली असते: खरे भौतिकशास्त्र जिनिव्हाजवळ कण एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्राच्या बोगद्यात, आणि आपल्या गावात दिसते ते त्याचे किरकोळ उपयोजन. म्हणून हे पत्र.

१९७२ साली अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांनी 'सायन्स' साप्ताहिकात एक छोटा लेख लिहून याच समजुतीला हात घातला. सगळे अणूंचेच बनलेले आहे, अणूंचे नियम कुठेही मोडत नाहीत, हे त्यांना मान्यच होते. त्यांचे म्हणणे असे की, वस्तू फोडत फोडत तळाच्या नियमापर्यंत पोहोचता आले, तरी त्या नियमावरून उलट वर येत जग उभे करता येईल असे नाही. कण प्रचंड संख्येने एकत्र आले की नवे गुण उपजतात, त्या गुणांचे स्वतःचे नियम असतात आणि ते शोधणे हेही मूलभूत विज्ञानच असते. यालाच इमर्जन्स म्हणतात.

अतिवाहकतेचा, म्हणजे विजेला होणारा विरोध पूर्ण नाहीसा होण्याचा, इतिहास पाहा. १९११ साली लायडेनमध्ये कामरलिंग ओनेस यांना दिसले की पारा उणे २६९ अंशांपर्यंत थंड केला की त्याचा विद्युतरोध एकदम नाहीसा होतो. इलेक्ट्रॉनचे वागणे सांगणारे श्रोडिंगरचे समीकरण १९२६ साली आले. म्हणजे तळाचा नियम हाती होता. तरी उलगडा व्हायला १९५७ उजाडले. मधल्या काळात आइनस्टाइन, बोर, हायझेनबर्ग, फाइनमन अशा दिग्गजांनी हात टेकले. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी अखेर कोडे सोडवले, ते नवा कण शोधून नव्हे. इलेक्ट्रॉन जोड्या बांधतात आणि त्या साऱ्या जोड्या मिळून एकच अवस्था धारण करतात, ही कल्पना त्यांना सुचली. १९८६ साली सापडलेल्या तांब्याच्या ऑक्साइडांतल्या अतिवाहकतेवर तर अजूनही एकमत नाही, आणि समीकरण तेच आहे.

यावर काही जण म्हणतात, असे गुण खरे नसतात, आपल्या अज्ञानाची ती सोय असते. मला हे पटत नाही. हवेच्या एका रेणूला वेग असतो, तापमान नसतेच. तापमान असंख्य रेणूंच्या मेळ्याचे असते. पण मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा माणसाला ऊन लागते, ते काही अज्ञानाने लागत नाही.

आता आपल्या भागातलाच दाखला. काळी माती उन्हाळ्यात आकसते, आत ताण साचतो आणि भेगा पडतात. चिखल पहिल्यांदा वाळतो तेव्हा नवी भेग जुन्या भेगेला बहुधा काटकोनात येऊन मिळते. तीच माती पुन्हा पुन्हा भिजली आणि वाळली की भेगा जवळपास जुन्याच जागी उघडतात, पण त्यांचा क्रम बदलतो, आणि सांध्यांचे कोन हळूहळू १२० अंशांकडे सरकतात. माती षटकोनांत विभागली जाऊ लागते. झरी जामणी तालुक्यातल्या शिबला-पारडी भागात बेसॉल्टचे, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाचे, बहुकोनी खांब आहेत. तिथे लाव्हा थंड होताना आकसला, भेगा वरून आत शिरत गेल्या आणि जाता जाता त्यांचेही कोन तसेच जुळत गेले. एक ओली माती, दुसरा हजार अंशांहून तापलेला वितळलेला खडक. घटक वेगळे, काळ वेगळा, तरी आकृती तीच. ती सिलिकॉनच्या किंवा ऑक्सिजनच्या अणूत शोधून सापडणार नाही. आकसणे, ताण आणि भेग यांच्या नियमात ती आहे, आणि अणूंचा तपशील बदलला तरी तो नियम टिकतो. म्हणूनच त्याला दुय्यम म्हणणे मला चुकीचे वाटते.

दुसऱ्या टोकाचा गैरवापरही होतो आणि त्याचा मला जास्त राग येतो. इमर्जन्सचे नाव घेऊन 'विज्ञान इथे थांबते, पुढे दैवी शक्ती' असे सांगणारी व्याख्याने आमच्याकडेही होतात. भौतिकीतल्या इमर्जन्समध्ये असे काहीही नाही. जोड्यांचा सिद्धांत आकड्यांत मांडता येतो, प्रयोगाने तपासता येतो. आणि आपल्या परंपरेतही हा युक्तिवाद नेमका उलट बाजूने आला आहे. किण्वादी (आंबवणाऱ्या) घटकांच्या संयोगातून मद म्हणजे नशा उपजतो, तसे पृथ्वी, पाणी, तेज, वायू या भूतांच्या संयोगातून चैतन्य उपजते, वेगळा आत्मा मानायचे कारण नाही, असे चार्वाक म्हणत. चैतन्याविषयी ते बरोबर होते की नाही हा वाद मी इथे काढत नाही. पण घटकात नसलेला गुण संयोगात येऊ शकतो, हे सांगायला त्यांना कुठल्याही चमत्काराची गरज पडली नाही.

माझी विनंती अशी. एप्रिल-मेमध्ये गावतळी आटतात, पडीक वावरात भेगा रुंदावतात. शाळा-महाविद्यालयांच्या मुलांनी कोनमापक घेऊन तळ्याच्या तळातल्या आणि पडीक जमिनीतल्या भेगांचे कोन मोजावेत, दोन्हींची तुलना करावी, आणि आपल्या पुरवणीने ती मोजमापे गावाच्या नावासह छापावीत. नांगरलेले वावर घेऊ नये, कारण नांगर भेगांची जुनी ओळ मोडतो. माझ्या वर्गाची मोजमापे मी जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागण्याआधी, पाठवतो.

आपला,
एक शिक्षक-वाचक
जि. यवतमाळ