उंबरातले किडे आणि वाचनालयाची यादी

पुणे,
रविवार

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वाचनालयाला आलेली देणगी कमिटीने सगळीच्या सगळी मुलांच्या पुस्तकांवर खर्च करायचं ठरवलं, हे वाचून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! तू विचारतोस की ‘असं का?’, ‘कसं होतं?’ अशी निसर्ग-विज्ञानाची पुस्तकं दुकानात ढिगाने दिसतात, त्यातली कुठली घ्यावीत. यादी वेगळी पाठवतोच आहे. पण यादीपेक्षा निवडायचं कसं हे जास्त महत्त्वाचं, म्हणून हे पत्र लांबणार आहे. सवडीने वाच.

आधी तू पत्रात कळवलेल्या मुक्ताच्या प्रश्नाकडे येतो, कारण तिथेच सगळं आहे. ‘उंबराला बाहेरून भोक नसतं, मग आत किडे कुठून येतात?’ प्रश्न इतका नेमका आहे की मी तो फळ्यावर लिहून ठेवला. आपल्याकडे याचं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘उंबरात किडे असतातच’. घरोघरी ते दिलं जातं आणि पोर गप्प बसतं.

खरं उत्तर असं. भोक असतं. उंबराच्या टोकाशी, देठाच्या विरुद्ध बाजूला, बारीक खवल्यांनी झाकलेलं. भिंगातून पाहिलंस तर लगेच ओळखू येईल. आणि आपण ज्याला फळ म्हणतो ती कच्ची असताना एक बंद पिशवी असते, आतून शेकडो बारीक फुलांनी भरलेली. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही ते यामुळे. चिलटाएवढी एक माशी, गांधीलमाशीच्याच कुळातली, अंगावर पराग घेऊन त्या खवल्यांतून रेटून आत शिरते. वाट इतकी अरुंद की शिरताना तिचे पंख तुटतात. आत ती काही फुलांत अंडी घालते, बाकीच्या फुलांना पराग लावते आणि तिथेच मरते. पुढे त्या अंड्यांतून आधी नर बाहेर येतात. त्यांना पंख नसतात. मादीशी मीलन करायचं आणि उंबराच्या भिंतीला आतून बोगदा पाडायचा, एवढंच त्यांचं आयुष्य. मग नव्या माद्या तोवर उमललेल्या नरफुलांचे पराग घेऊन त्या बोगद्यातून बाहेर पडतात आणि दुसरं कोवळं उंबर शोधत उडतात. वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी, उंबराची वेगळी. माशी नसेल तर उंबराला बी धरत नाही आणि उंबर नसेल तर माशीला घर नाही.

आता हे मी सांगितलं म्हणून मुक्ताने मान डोलावू नये. तिला सांग, हिरवं कोवळं, अर्धवट वाढलेलं आणि पिकायला आलेलं, अशी तीन उंबरं आण आणि पातं तुझ्या हातात ठेवून तिच्यासमोर उभी काप. एकात फुलं दिसतील, एकात दाण्यांसारख्या फुगीर गाठी आणि तिसऱ्यात माशा. शिवाय एका फांदीवरच्या पिकू घातलेल्या उंबरांना पातळ मलमलची पिशवी बांध, तोंड दोऱ्याने घट्ट आवळ. आतल्या माद्या बाहेर पडल्या की पिशवीतच अडकतील. त्या बघून झाल्या की सोडून द्या.

पुस्तक निवडताना माझी कसोटी हीच आहे, दत्ता. उत्तर वाचल्यावर मुलाला उठून काही बघता, करता, तपासता येतं का? येत असेल तर पुस्तक घे. नसेल तर कितीही गुळगुळीत कागद आणि रंगीत चित्रं असोत, परत ठेव.

ही कसोटी माझ्या पदरची नाही. मायकेल फॅरडे लोहाराचा मुलगा, शिक्षण जेमतेम. चौदाव्या वर्षी तो लंडनमध्ये एका पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचायचा. त्यात जेन मार्सेट या बाईंचं रसायनशास्त्रावरचं पुस्तक होतं, १८०६ सालचं. एक शिक्षिका आणि तिच्या दोन विद्यार्थिनी यांच्या गप्पांतून लिहिलेलं. मुली विचारतात, बाई सांगतात, मुलींना पटत नाही, त्या पुन्हा विचारतात. पहिल्या आवृत्तीवर लेखिकेचं नावसुद्धा नव्हतं. फॅरडेने पुढे म्हातारपणी एका पत्रात लिहिलंय की त्या पुस्तकातल्या गोष्टी त्याने स्वतःला जमतील तेवढ्या लहानसहान प्रयोगांनी तपासून पाहिल्या, त्या खऱ्या निघाल्या आणि मग त्याचा त्या पुस्तकावर विश्वास बसला. विजेच्या मोटरचं आणि जनित्राचं तत्त्व ज्याने दाखवून दिलं, तो माणूस असा प्रश्नोत्तरांच्या पुस्तकातून उभा राहिला. मला हे आठवलं की मुलांच्या पुस्तकांना ‘किरकोळ’ म्हणणाऱ्यांचा मनापासून राग येतो.

आणि फॅरडेने ते फेडलंही. १८६० च्या नाताळात त्याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे सहा व्याख्यानं दिली, सगळी एका मेणबत्तीवर. त्यातली एक गंमत तुमच्याकडे वीज जाईल त्या रात्री करून बघ. मेणबत्ती चांगली पेटू दे, मग हलकेच विझव. वातीतून पांढऱ्या धुराची रेघ वर जाईल. पेटती काडी वातीला न लावता बोटभर वर, त्या रेघेत धर. ज्योत धुरावरून खाली उडी मारते आणि मेणबत्ती पेटते! म्हणजे जळतं ते घट्ट मेण नाही. मेण वितळून वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. तो धूर म्हणजे थंड होऊ लागलेली मेणाची वाफच. मुलं हे पुन्हा पुन्हा करून मागतात, आणि मग आपण होऊन विचारतात की मग कंदिलात काय जळतं, चुलीत लाकूड जळतं की आणखी काही. एका खऱ्या उत्तरातून असे प्रश्न फुटतात.

आता काय टाळायचं ते सांगतो. ‘हा निसर्गाचा चमत्कार आहे’ असं उत्तर असलेलं पुस्तक टाळ. ‘विकिरणामुळे’ असा एक जड शब्द टाकून पुढे जाणारंही टाळ. आकाश निळं का, तर विकिरणामुळे, याने मुलाच्या हाती काही लागत नाही. जगातलं सर्वांत उंच, सर्वांत जड, सर्वांत जलद यांच्या याद्या छापणारी पुस्तकं सामान्यज्ञानाच्या परीक्षेला उपयोगी पडतील, तेवढंच. आणि चुकीचं सांगणारी पुस्तकं ओळखायला दोन प्रश्न पुरतात. दुकानात उभ्या उभ्या ही पानं उघडून बघ.

पहिला: समुद्र निळा का? ‘आकाशाचं प्रतिबिंब पडतं म्हणून’ एवढंच लिहिलं असेल तर पुस्तक खाली ठेव. हे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मागे पडलंय. १९२१ साली सी. व्ही. रामन इंग्लंडहून बोटीने परत येत होते. त्यांनी एक निकोल प्रिझम, म्हणजे प्रकाश गाळून घेणारा स्फटिक, डोळ्यासमोर धरून पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश काढून टाकला, तरी समुद्र निळाच दिसला, उलट अधिक गडद. मुंबई बंदरात पोचताच त्यांनी यावर टिपण लिहून ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाकडे धाडलं. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात असं ते म्हणाले. शिवाय पाणी तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि निळा उरतो, हेही कारण आज भक्कम मानलं जातं. यापुढे तुमच्या मुलांचा प्रश्न कुठला असेल ते मला आत्ताच ठाऊक आहे: मग हर्णैचा समुद्र चित्रातल्यासारखा निळा का नाही? खाड्या आणि नद्या गाळ आणून ओततात म्हणून. बादलीभर पाणी आणून रात्रभर काचेच्या बरणीत ठेवायचं आणि सकाळी तळाशी काय बसलं ते पाहायचं. या प्रश्नाचं उत्तर परदेशी पुस्तकात कुठून असणार?

दुसरा: उन्हाळा का होतो? ‘तेव्हा पृथ्वी सूर्याजवळ असते’ असं सापडलं तर तेही पुस्तक बाद. पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला ती १५.२ कोटींवर जाते. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस कललेला आहे म्हणून. एवढं बहुतेक चांगल्या पुस्तकांत असतं. पण भाषांतरित पुस्तकांत पुढे बर्फ, वसंत आणि पानगळ येते. आपल्याकडे मे तापतो आणि जुलै गार होतो, कारण मध्ये पाऊस येतो. ते त्यात नसतं. आणखी एक गोष्ट त्यात नसते, ती म्हणजे सूर्य थेट डोक्यावर येणं. लंडन-न्यूयॉर्कच्या मुलाच्या डोक्यावर तो कधीच येत नाही. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे आपल्या डोक्यावर तो वर्षातून दोनदा येतो. दापोलीत मेच्या दहा तारखेच्या आसपास, दुपारी साडेबाराच्या सुमारास, अंगणात काठी सरळ उभी रोव. ओळंब्याने तपासून घे. सावली काठीच्या बुडाशी गोळा होऊन नाहीशी होते. दुसरी खेप ऑगस्टच्या सुरुवातीला, पण तेव्हा ढगांमुळे फार क्वचित साधते. मुलांना आधीचे चार-पाच दिवस रोज सावली मोजून वहीत लिहायला लाव. आस कललाय हे त्यांना पाठ करावं लागणार नाही.

मराठीत हे काम पूर्वीपासून चाललंय, हेही कमिटीत आवर्जून सांग, कारण ‘विज्ञान इंग्रजीतच बरं’ असं म्हणणारं कुणीतरी तिथे असणारच. ‘सृष्टिज्ञान’ मासिक पुण्यात १९२८ साली निघालं. मराठी विज्ञान परिषद १९६६ ची. जयंत नारळीकरांकडे मुलं सही मागायला यायची तेव्हा ते सांगत, मला पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही करून धाडतो. आणि धाडतही. एवढा मोठा खगोलशास्त्रज्ञ पोरांच्या पोस्टकार्डांना स्वतःच्या हाताने उत्तरं लिहीत बसायचा! मे २०२५ मध्ये ते गेले तेव्हा मला त्यांच्या संशोधनाच्याही आधी ती पोस्टकार्डं आठवली. मंगलाताई नारळीकरांनी गणितासाठी मुलांशी तसंच बोलणं धरलं होतं. त्यांचंही नाव यादीत आहे. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर तर मराठीतली कितीतरी पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. ती उतरवून, गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून, स्पायरल करून ठेवलीत तर देणगीतले पैसे नव्या पुस्तकांना उरतील.

हेच अरविंद गुप्ता १९७८ मध्ये पुण्यातल्या कारखान्यातून रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबादला गेले होते. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून आकार बांधायची युक्ती त्यांना तिथेच सुचली. तिथला विज्ञान शिक्षणाचा उपक्रम १९७२ मध्ये सोळा शाळांत सुरू झाला होता. त्यात ‘सवालीराम’ नावाचं एक पात्र होतं. मुलांनी त्याला पत्र लिहून काहीही विचारायचं आणि कार्यकर्ते, शास्त्रज्ञ मिळून सवालीरामच्या नावाने उत्तर पाठवायचे. खेड्यापाड्यांतली मुलं त्याला खरोखरचा माणूस समजून पत्रं लिहीत. मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की त्या मुलांना प्रश्न पाठवायला एक पत्ता होता.

तुमच्या वाचनालयातही असा पत्ता हवा. देणगीतून एक जाड वही घे, शंभर पानी चालणार नाही, दोनशे पानी घे. दारापाशी दोरीला पेन बांधून ठेव. मुलांनी त्यात प्रश्न लिहायचे, नाव घातलं तरी चालेल, नाही घातलं तरी चालेल. लहान्यांचे प्रश्न मोठ्यांनी उतरवून घ्यायचे, पण त्यांच्याच शब्दांत. शुद्धलेखन सुधारत बसू नका आणि प्रश्न ‘नीट’ करू नका. महिन्याच्या शेवटी वहीचे फोटो काढून मला पाठव. काहींची उत्तरं पुस्तकांत सापडतील, तिथे पुस्तकाचं नाव आणि पान लिहायचं. झाडापानांचे प्रश्न कृषी विद्यापीठात कुणी ओळखीचं असेल त्यांच्याकडे न्या, तुमच्या दाराशीच आहे ते. मासळीचे हर्णै बंदरावर, तिथल्या बायकांइतकं माशांबद्दल कुणाला कळतं? उरलेले माझ्याकडे. पुढच्या वर्षी पुस्तकं घेताना तीच वही घेऊन दुकानात जायचं.

यादीतली पुस्तकं मी इथून दोन खोक्यांत भरून एसटीच्या पार्सलने पाठवीन. बिल वाचनालयाच्या नावाने लागेल की अध्यक्षांच्या, ते कळव. दोन भिंगं माझ्याकडून. दहापट मोठं दाखवणारी आहेत, त्यातलं एक वाचनालयाला आणि एक मुक्ताला. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर

ता. क. मलमलची पिशवी बांधायच्या आधी उंबरांवर मुंग्या नाहीत ना ते बघून घे. आत मुंगी राहिली तर मुक्ताला दाखवायला माशी उरणार नाही.