अण्णांचा संबळ शोधून देणाऱ्यांनो, लई आभार!

कोजागिरीला तुळजापूरहून परत येताना सोलापूर स्टँडवर एवढी गर्दी की आमच्या अण्णांचा संबळ (काठ्यांनी वाजवायची दोन ढोलक्यांची जोडी) एसटीतच राहिला आणि गाडी गेली पुढं, अण्णा 74 वर्षांचे, तिथंच बाकड्यावर बसले, तोंडातून शब्द नाही. 50 वर्षं तोच कमरेला बांधून आई भवानीचा गोंधळ घातलाय त्यांनी, आणि आम्हा पोरांना एक रुपया न घेता शिकवलंय (वाकड्या काठीनं घुमारा काढायचा ते मला अजून धड जमत नाही ते सोडा).

तर एक कंडक्टर, चहाच्या टपरीवरचे मामा आणि एक कॉलेजची पोरगी, तिघांनी फोनाफोनी करून गाडी गाठली, पोरगी तर स्कूटी घेऊन गेली आणि संबळाची दोन्ही भांडी पायाशी नीट टॉवेलात गुंडाळून घेऊन आली. अण्णांनी आधी टिचकी मारून बघितलं, म्हणाले, "सूर जरा उतरलाय, पण हाय." मग रडले.

गडबडीत तुमची नावं विचारायची राहिली ओ. पुढच्या नवरात्रात गोंधळाला नक्की या, दिवटीत तेल घालायचा मान तुमचा!